वानरांना न पटलेला भोंगा

गेल्या जानेवारीत, कलमांना मोहोर पूर्ण फुटलेला असताना आणि वानरांची टोळी रोज सकाळी आमच्या गडग्यावर येऊन बसू लागलेली असताना, मी वानर-माकडे पळवून लावणारे एक सौर यंत्र ११,८०० रुपयांना विकत घेतले आणि मेअखेरपर्यंत देवगड तालुक्यातील आमच्या बागेत ते चालवून पाहिले. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. याच घडणीची यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि त्यांच्या जाहिरातीही जवळपास सारख्याच असतात. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत एक वाक्य छापलेले होते: ‘वानरांशी वानरांच्याच भाषेत बोलणारे यंत्र’. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे ‘भाषा’ हा शब्द कोणी असा सैलपणे वापरला की माझे लक्ष तेथेच अडकते. म्हणून या परीक्षणात बॅटरी, पत्रा आणि हमी यांचा हिशेब थोडा आहे आणि त्या एका वाक्याची तपासणी बरीच आहे. यंत्र जेथे फसले ती जागा त्या वाक्यातच आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी वस्तूविषयी. पत्र्याची पेटी, तिच्यावर लाउडस्पीकरचा भोंगा, बारा व्होल्टची बॅटरी, हातभर लांबीचे सौर पॅनेल, हालचाल टिपणारा सेन्सर आणि एक रिमोट एवढे सामान खोक्यात येते. भोंग्यातून सात आवाज निघतात: वाघाची डरकाळी, बिबट्याची गुरगुर, कुत्र्यांचे भुंकणे, बंदुकीचा बार, फटाक्यांची माळ, वानराचा धोक्याचा आवाज आणि माणसाला ऐकू न येणारा एक अतिउच्च पट्टीचा ध्वनी. जोडणी सोपी आहे. राखणदाराने अर्ध्या तासात पेटी खांबावर चढवली. सोबतची माहितीपत्रिका मराठीत असल्याचे खोक्यावर लिहिलेले आहे, परंतु तिच्यातील ‘वानर उपलब्ध नसल्यास उपकरण विश्रांती घेते’ हे वाक्य वाचल्यावर, ज्यांना माणसांशी मराठीत बोलता आलेले नाही त्यांनी वानरांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे अंगावर घेतले आहे, ही शंका मला त्याच दिवशी आली होती.

आमची बाग सड्याच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला हापूसची दीडशेच्या आसपास कलमे, खाली काजू आणि विहिरीजवळ थोडे माड, अशी तिची मांडणी आहे. त्रास देणारे दोन प्रकारचे आहेत. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. तो मोहोर, कोवळी पालवी आणि पुढे कैरी खातो, आणि खातो त्याच्या कितीतरी पट मोडून टाकतो. लाल तोंडाचे, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेले ते माकड. ते शहाळी आणि काजू यांच्यामागे असते आणि मांगराचे दार उघडे राहिले तर भाकरीही नेते. वानराला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे बागायतदाराच्या हातात फक्त राखण उरते. गोफण, डबे बडवणे, फटाके, कुत्रा आणि हंगामापुरता ठेवलेला नेपाळी राखणदार हे सर्व आम्ही करत आलेलो आहोत. यंत्राची जाहिरात पाहून मी हुरळलो तो या दमणुकीमुळे.

पहिल्या सकाळी मी स्वतः मांगराच्या आडोशाला बसलो होतो. साडेसातच्या सुमारास टोळी आली. मी अठरापर्यंत मोजली. यंत्र सहाव्या आवाजावर, म्हणजे वानराच्या धोक्याच्या आवाजावर, लावलेले होते. हा आवाज कोकणात पुष्कळांनी ऐकलेला असतो. भल्या पहाटे हुप्प्या, म्हणजे टोळीचा म्होरक्या नर, घुमवतो तो ‘हुप हुप’ नव्हे. हा कोरड्या खोकल्यासारखा, घशातून तुटून आलेला ‘खॅक’ असतो, आणि ताडोबात गाइड ज्याला नुसते ‘कॉल’ म्हणतात व ज्याच्या दिशेने जीप वळवतात तोच हा. भोंग्यातून पहिला ‘खॅक’ निघताच गडग्यावर बसलेल्या माद्या उडाल्या. एकीने पोटाशी असलेल्या पिलाला एका हाताने दाबून धरले, जमिनीवरून तीन उड्या घेतल्या आणि ती जवळच्या झाडावर चढली. बाकीच्या तिच्यामागे. हुप्प्या मात्र चढला तो अर्ध्यावरच थांबला आणि मान खाली घालून करवंदीच्या जाळीकडे रोखून पाहू लागला. हळूहळू सर्वांच्याच नजरा त्या जाळीकडे वळल्या. कोणीही पळाले नाही. ती सर्व वानरे माझ्या हापूसच्या कलमांवर, शेंड्याच्या फांद्यांवर, मोहोरात बसलेली होती.

यंत्र बिघडलेले नव्हते. ते सांगत होते तेच वानरांनी अगदी बरोबर ऐकले होते. अडचण एवढीच की जे सांगितले गेले त्याचा अर्थ ‘येथून निघून जा’ असा नसून ‘खाली बिबट्या आहे, झाडावर चढा’ असा होता, आणि ज्या झाडांवरून त्यांना हटवायचे त्याच झाडांवर त्यांना आम्ही ११,८०० रुपये खर्चून चढवत होतो.

जंगली माकडांच्या आवाजांवर गेल्या साठ वर्षांत झालेल्या कामाची थोडी जरी माहिती यंत्र बनवणाऱ्यांनी घेतली असती तरी ही चूक टळली असती. केनियातील अंबोसेलीत व्हर्व्हेट जातीची माकडे बिबट्या, गरुड आणि साप या तीन शत्रूंसाठी तीन वेगवेगळे आवाज काढतात, हे थॉमस स्ट्रूसेकर यांनी १९६७ मध्ये नोंदवले होते. मग १९८० मध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी तेच आवाज ध्वनिमुद्रित करून, आसपास कोणताही शत्रू नसताना, लपवलेल्या लाउडस्पीकरमधून टोळीला ऐकवले. बिबट्याचा आवाज ऐकून माकडे झाडावर धावली, गरुडाच्या आवाजाला त्यांनी वर पाहिले किंवा झुडपात दडी मारली, आणि सापाच्या आवाजाला मागच्या पायांवर उभे राहून भोवतालच्या गवतात शोध घेतला. हे नुसते घाबरणे असते तर तिन्ही वेळा एकच धावपळ दिसली असती. आवाज ऐकणाऱ्याला त्यातून बातमी कळत होती, आणि बातमीप्रमाणे काय करायचे ते ठरत होते.

थोडक्यात सांगायचे तर माझ्या बागेतील यंत्र म्हणजे अंबोसेलीचा प्रयोगच आहे. फक्त तो कोणी न समजता खोक्यात भरला आहे. खरे तर ही युक्ती त्याहूनही जुनी आहे. एडिसनच्या फोनोग्राफवर माकडांचे आवाज घेऊन ते दुसऱ्या माकडांना ऐकवण्याचा उद्योग रिचर्ड गार्नर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८९० च्या सुमारास प्राणिसंग्रहालयांत केला होता, आणि गोरिला-चिंपांझींची भाषा शिकण्याच्या जिद्दीने ते १८९२ मध्ये आफ्रिकेत जाऊन जंगलात पिंजऱ्यात राहिले होते. पिंजऱ्यात गार्नर आणि बाहेर गोरिला, अशी ती व्यवस्था होती. त्यांच्याकडे निदान ऐकण्याची तयारी होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही इतर आवाज लावून पाहिले. वाघाच्या डरकाळीने टोळी पहिल्यांदा दचकली, पण डरकाळी फोडत शिकारीला निघणारा वाघ कोणत्याही वानराने पाहिलेला नसेल. बिबट्या तर आवाज न करता येतो आणि त्याचे सारे बळ त्या न दिसण्यात असते. आयव्हरी कोस्टमधील ताईच्या जंगलात रेडिओ पट्टा बांधलेल्या बिबट्यांवर नजर ठेवून झालेले काम असे दाखवते की माकडांनी धोक्याचा आवाज केला की बिबट्या दबा सोडून निघून जातो. म्हणजे तो आवाज आपल्या टोळीइतकाच बिबट्यालाही उद्देशून असतो: तुला पाहिले आहे, आता येथे बसून उपयोग नाही. अशा दुहेरी संवादात खांबावरून गुरगुरणारा बिबट्या बसवणे म्हणजे चोराने दारावरची घंटा वाजवून घरात शिरण्यासारखे आहे. बंदुकीचा बार आणि फटाके यांनी काम बरे केले, पण ते तर बाजारात पाच-पन्नास रुपयांत मिळते. अतिउच्च पट्टीच्या ध्वनीचा परिणाम आमच्या कुत्र्यावर तेवढा दिसला. तो दोन दिवस विहिरीपलीकडे जाऊन झोपला. शेजारच्या वाडीतील एका म्हाताऱ्या बागायतदारांनी गडग्यावरून मला ऐकवले, “मास्तरांनू, तुमचो भोंगो माझ्या म्हशीक घाबरयता, वांदरांक नाय.”

तरीही पहिले दहा दिवस फरक पडला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोळी येण्याची वेळ बदलली, ती बागेच्या कडेनेच फिरू लागली, आणि मोहोराची मोड डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झाली. जाहिरातींत समाधानी ग्राहकांचे जे अनुभव छापलेले असतात ते याच दहा दिवसांतले असावेत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. येथे दहा निघाले.

अकराव्या दिवशी सकाळी भोंगा ‘खॅक’ म्हणाला तेव्हा दोन तरुण नरांनी नुसती मान वळवली. चौदाव्या दिवशी हुप्प्या खांबापासून दहा-बारा पावलांवर गडग्यावर बसून काजूची कोवळी पालवी खात होता, आणि आवाज होताच त्याने चावणे क्षणभर थांबवले, भोंग्याकडे पाहिले व पुन्हा चावायला सुरुवात केली. ती नजर मी विसरणार नाही. वर्गात एखाद्या मुलाने तीच सबब चौथ्यांदा सांगितली की मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत असे तीच ती नजर होती.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केल्यावर मिळालेला सल्ला असा होता: “आवाज वाढवून बघा.” या तीन शब्दांत यंत्रामागचा सगळा विचार आला. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे दगड. लागला नाही तर मोठा मारावा. वानरांच्या लेखी मात्र आवाज म्हणजे साक्ष असते, आणि साक्ष कोणाची आहे, ती देणारा पूर्वी खरे बोलला होता का, हे ते पाहतात. चेनी आणि सेफार्थ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच गोष्टीचा आहे. शेजारची टोळी आली आहे असे सांगणारा एका ठराविक माकडाचा आवाज, तशी कोणतीही टोळी आलेली नसताना, त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकवला. ऐकणाऱ्यांनी हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणे सोडले. मग त्याच माकडाचा दुसरा आवाज लावला, जो कानाला अगदी वेगळा असतो पण ज्याचा अर्थ जवळपास तोच आहे. त्याकडेही कोणी पाहिले नाही. तोच आवाज दुसऱ्या माकडाचा लावल्यावर मात्र सर्वांचे कान टवकारले. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती माणसांची म्हणून. व्हर्व्हेट माकडांना ती कोणी न सांगता ठाऊक असते. त्यांच्या हिशेबात नापास होतो तो ‘आवाज’ नव्हे, ‘बोलणारा’ होतो, आणि तोही त्या एका विषयापुरता. कारण बिबट्याबद्दल खोटे ठरलेल्या माकडाने गरुडाचा इशारा दिला तर तो पुन्हा ऐकला जातो.

आमचा भोंगा तर सर्व बाजूंनी खोटा पडण्यासारखाच होता. एकच सहा सेकंदांची ध्वनिफीत, एकच खांब, एकच उंची. पान हलले, मांजर गेले, राखणदार पाण्याला गेला, तरी सेन्सर तीच ओरड करत असे. अंबोसेलीतील संशोधक आवाज क्वचितच, मधे पुष्कळ वेळ सोडून लावत आणि स्पीकर दडवून ठेवत, कारण माकडे लबाडी ओळखतात याची त्यांना जाणीव होती. शिवाय खऱ्या धोक्याच्या वेळी एक वानर खाकरले की दुसरे त्याला दुजोरा देते, तिसरे वेगळ्या झाडावरून पाहून तेच म्हणते, खाली भेकर ओरडते, पक्षी कलकलतात. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना प्रत्येक वाक्यापुढे जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तशी ती गोष्ट आहे. भोंगा रोज गाऱ्हाणे घालत होता आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला एकही वानर तयार नव्हते.

लाल तोंडाच्या माकडांची तऱ्हा आणखी बघण्यासारखी होती. वानराचा धोक्याचा आवाज ही माकडेही ओळखतात. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतात याच जातीच्या माकडांना वानराचे आणि सांबराचे इशारे ऐकवून ते २००० मध्ये दाखवून दिले आहे. आमच्या बागेत ती भोंग्याला प्रथम घाबरली हे खरे, परंतु माझ्या पाहण्यात असे आले की पुढे ती भोंग्याकडे न पाहता वानरांकडे पाहू लागली. वानरे हलली तर ती हलत. वानरे चावत बसली तर तीही बसत. यंत्राचे खोटे त्यांना स्वतः तपासावे लागले नाही, शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच कळले.

आता ‘वानरांच्याच भाषेत’ या दाव्याविषयी. ध्वनिफीत कोठल्या वानराची आहे हे पत्रिकेत नाही, आणि हा प्रश्न क्षुल्लक नाही. ताईच्या जंगलातील कॅम्पबेल जातीची माकडे ‘क्राक’ असा आवाज बिबट्यासाठी काढतात, आणि त्यालाच शेवटी ‘ऊ’ जोडून ‘क्राकू’ केले की तो इशारा सर्वसाधारण गडबडीचा होतो. प्रत्यय लागून शब्दाचा अर्थ बदलावा तसा हा प्रकार २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषाभ्यासकांमध्ये बराच गाजला. पुढे असे दिसले की सिएरा लिओनमधील तिवाई बेटावर, जेथे बिबटे नाहीत, त्याच जातीची माकडे ‘क्राक’ हाच आवाज साध्या, सर्वसाधारण धोक्यासाठी वापरतात. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो ते माकडांच्या बाबतीत जसेच्या तसे खरे म्हणणे धाडसाचे होईल, पण दूरच्या कोठल्या तरी जंगलातील वानराचा आवाज देवगडच्या सड्यावर त्याच अर्थाने ऐकला जाईल हे गृहीत धरणे त्याहून धाडसाचे आहे.

मग ही भाषा आहे का? माझे उत्तर, मराठीच्या एका जुन्या शिक्षकाचे म्हणून, ‘नाही’ असे आहे, पण त्या ‘नाही’ला अर्ध्यावर थांबवावे लागते. वानराला ‘काल संध्याकाळी विहिरीजवळ बिबट्या होता’ असे सांगता येत नाही; जे समोर आहे त्याच्याबद्दलच त्याला बोलता येते. आवाजही मोजके, आणि बव्हंशी जन्माबरोबर मिळालेले. व्हर्व्हेटचे पिल्लू सुरुवातीला कोणत्याही पक्ष्याला, क्वचित गळणाऱ्या पानालाही, गरुडाचा इशारा देते. आवाज त्याला आधीच येत असतो, तो कोणासाठी वापरायचा एवढेच ते मोठ्यांकडे पाहून शिकते. व्हिकी नावाच्या चिंपांझी मादीला १९४० च्या दशकाअखेरीपासून हेज दांपत्याने स्वतःच्या मुलीसारखे घरात वाढवले, तरी काही वर्षांच्या मेहनतीनंतर तिला जेमतेम चार इंग्रजी शब्द, तेही घोगऱ्या कुजबुजीत, उच्चारता आले. हा दोष घशाच्या ठेवणीचा आहे असे बराच काळ समजले जात होते. २०१६ मध्ये टेकमसे फिच, आसिफ गझनफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माकडाच्या घशाची क्ष-किरण चित्रफीत घेऊन दाखवले की समजण्याजोगे बोलण्यास पुरतील एवढे स्वर त्या घशातून निघू शकतात. कमी आहे ती घसा आणि जीभ हुकमात ठेवणाऱ्या मेंदूची. २०२२ मध्ये आणखी एक भर पडली: इतर माकडांच्या आणि चिंपांझी-गोरिलांसारख्या एपच्या स्वरतंतूंवर जो पातळ पडदा असतो तो माणसाच्या घशातून नाहीसा झालेला आहे, आणि त्यामुळेच आपला आवाज स्थिर राहतो. माणसाला बोलता आले त्यात एक भाग काही तरी गमावण्याचा आहे, हे मला फार आवडले.

अर्धे ‘नाही’ मागे घ्यावे लागते ते ऐकण्याच्या बाजूला. बोलण्यात गरीब असलेले हे प्राणी ऐकण्यात विलक्षण श्रीमंत आहेत. कोण बोलले, कोणाचे पिल्लू ओरडले, बोलणारा भरवशाचा आहे का, त्याच्या शेजारचे काय करत आहेत, हे सर्व ते एका ‘खॅक’मधून काढून घेतात. माणसाच्या भाषेचे मूळ शोधणाऱ्यांत हावभावांपासून सुरुवात झाली असे मानणारे आहेत, आवाजांपासून मानणारेही आहेत. १८६६ मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने या विषयावरचे निबंधच स्वीकारायचे नाहीत असा नियम केला होता, इतका हा वाद सैरभैर झालेला होता. हावभाववाल्यांच्या बाजूने सांगायचे तर बंदीपूरच्या रस्त्यावर लाल तोंडाची माकडे प्रवाशांकडे पाहत हात पुढे करून आणि ‘कू’ असा आवाज काढून खाणे मागतात, आणि ते जाणून-बुजून मागणे असते, असे २०१८ मध्ये तेथील अभ्यासातून पुढे आले. आंबोलीच्या घाटात गाडी थांबवणाऱ्यांना हा पुढे आलेला हात नवा वाटू नये. मला स्वतःला या हंगामानंतर असे वाटू लागले आहे की आपल्या पूर्वजांनी बोलायला शिकण्याच्या कितीतरी आधी नीट ऐकायला आणि ऐकलेले तोलायला शिकलेले असले पाहिजे. ज्या ऐकणाऱ्यांना खोटे पकडता येत नाही, त्यांच्यामध्ये शब्द टिकलेच नसते. यंत्र बनवणाऱ्यांनी वानरांच्या संवादातील गरीब अर्धा भाग, म्हणजे नुसता आवाज, उचलून खोक्यात भरला आणि श्रीमंत अर्धा, म्हणजे ऐकणारा, हिशेबातच धरला नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी यंत्र बंद करणार होतो. राखणदाराने अडवले. तो म्हणाला, “काका, भोंगा रोज एकाच जागेवरनं बोलतो, म्हणून खोटा. मला द्या.” त्याने सेन्सर काढून टाकला, पेटी खांबावरून उतरवली आणि रोज निराळ्या ठिकाणी, कधी काजूत, कधी गडग्यामागे, गोणपाटाखाली ठेवू लागला. टोळी प्रत्यक्ष आत शिरल्याशिवाय तो रिमोट दाबत नसे, आणि दाबला की त्याच क्षणी त्या बाजूने कुत्रा सोडून, गोफण फिरवत स्वतः धावत जात असे. आवाज झाला की मागोमाग काही तरी खरेच येते, हे वानरांना पटेपर्यंत आठवडा गेला. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत, म्हणजे कैरी सुपारीएवढी होऊन पुढे वाढू लागेपर्यंत, भोंग्याचा उपयोग झाला. त्यातही त्याने वानराचा ‘खॅक’ कधीच लावला नाही. कुत्र्यांचे भुंकणे लावले, कारण कुत्रा खरोखरच येत होता. माहितीपत्रिकेतील कोणत्याही पानापेक्षा त्याची ही रीत अधिक शास्त्रशुद्ध होती.

परंतु मग हिशेब असा होतो की राखणदाराचा पगार वाचवण्यासाठी घेतलेले यंत्र राखणदार असेल तरच चालते. ज्यांच्या बागेत माणूस आहे आणि त्याला एकट्याने चार कोपरे सांभाळायचे आहेत, त्यांना रिमोटवर चालणारा, उचलून हलवता येणारा भोंगा मदतीचा ठरेल. तेवढ्यासाठी तीन-साडेतीन हजारांहून अधिक देऊ नये. ज्यांचे घर मुंबईला आहे आणि जे यंत्राच्या भरवशावर बाग सोडून जाऊ इच्छितात, त्यांनी ते पैसे फेब्रुवारीपासूनच्या राखणीत घालावेत. वाघाची डरकाळी आणि तो न ऐकू येणारा ध्वनी यांसाठी तर एक रुपयाही मोजू नये.

टिकाऊपणाविषयी थोडे सांगणे उरले आहे. समुद्र आमच्यापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि खाऱ्या हवेने पेटीच्या कडा एप्रिलमध्येच तांबूस झाल्या. स्क्रू काढताना दोन तुटले. सौर पॅनेलवर मोहोराचा चिकट मध आणि धूळ बसून थर जमतो, तो आठवड्याला पुसावा लागतो, नाहीतर संध्याकाळी आवाज घोगरा होतो. एक वर्षाची हमी आहे, पण दुरुस्तीसाठी पेटी स्वखर्चाने पाठवावी लागते. बॅटरी मात्र उत्तम निघाली; मेमध्ये वीज गेलेल्या दोन रात्री मांगरातला दिवा आणि राखणदाराचा मोबाइल तिच्यावरच चालला.